मोंबासा नक्की कुणी वसवलं? एका काकांच्या प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

काका (प्रतिक्रियेत तुम्ही मला 'बाळ' म्हणालात म्हणून हक्काने काका म्हणतेय), तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली तेव्हा आधी चिडचिडच झाली, खोटं कशाला बोलू. काल सकाळी चहा घेताना परत वाचली, तेव्हा वाटलं की अर्ध्या गोष्टी तर बरोबर आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांवर भांडायला मजा येईल. खाली कमेंटमध्ये एवढं मावणार नाही म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय.

ज्यांनी मोंबासावरचा (केनियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वसलेलं शहर) माझा लेख किंवा काकांची प्रतिक्रिया वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. काकांचं म्हणणं असं की वास्को द गामाच्या वाटाड्याबद्दल मी चुकीची माहिती दिली, वसईत बांधलेल्या जहाजावर पाच परिच्छेद खर्ची घालून ओढूनताणून मराठी कनेक्शन आणलं, गुलामांच्या व्यापाराला सोयीस्कर बगल दिली, रेल्वेवर मेलेल्या आपल्या मजुरांना एका ओळीत उरकलं. आणि शेवटी हे वाक्य: "शहर अरबांनी वसवलं, पोर्तुगीजांनी बांधलं, इंग्रजांनी आणि आपल्या लोकांनी वाढवलं, मग तू 'स्वाहिली शहर, स्वाहिली शहर' करतेस ते स्थानिकांनी नक्की केलं काय?" (स्वाहिली म्हणजे या किनाऱ्यावरचे लोक आणि त्यांची भाषा.)

वाटाड्याचं आधी संपवते, कारण तिथे मी सपशेल चुकलेय. गामाला भारताची वाट इब्न माजिदने दाखवली असं मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, लहानपणापासून तेच वाचलेलं, तपासायचं डोक्यातच आलं नाही. इब्न माजिद दर्यावर्दी म्हणून मोठाच, पण या प्रवासाशी त्याचा संबंध जोडणारी गोष्ट बऱ्याच नंतरची आहे आणि आता अभ्यासक ती मानत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्या वाटाड्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो 'मालेमो काना'. यातलं मालेमो म्हणजे कच्छी खलाशी जहाजाच्या वाटाड्याला मालम म्हणतात तोच शब्द. आणि हा माणूस मिळाला मोंबासाच्या उत्तरेच्या मालिंदी बंदरात. एप्रिल १४९८ मध्ये गामा आधी मोंबासालाच आला होता, पण तिथे त्याची डाळ शिजली नाही. वाक्य दुरुस्त केलंय, थँक्यू.

आता तो शेवटचा प्रश्न. खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

इब्न बतूता १३३१ मध्ये मोंबासाला आला, एक रात्र राहिला आणि पुढे किल्व्याला गेला. म्हणजे गामाच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी. त्या एका रात्रीत त्याने काय काय टिपलंय बघा. बेटावर धान्य पिकत नाही, ते समोरच्या किनाऱ्यावरून येतं. लोकांचं खाणं म्हणजे केळी आणि मासे. मशिदी लाकडाच्या पण नीट बांधलेल्या. आणि प्रत्येक मशिदीच्या दाराशी एकदोन विहिरी, विहिरी कसल्या, हातभर दोन हात खोल, त्यातून काठीला लावलेल्या लाकडी भांड्याने पाणी काढायचं, पाय धुवायचे, चटईवर घासून पुसायचे आणि मग आत जायचं, कारण लोक अनवाणीच फिरायचे. आपल्याकडे वाड्याच्या दाराशी तांब्या ठेवलेला असायचा तसंच ना! शिवाय तो एका फळाबद्दल लिहितो, ऑलिव्हसारखं दिसणारं पण खूप गोड, नाव 'जम्मून'. म्हणजे आपलं जांभूळ. मोंबासात आज जांभळाला झंबाराऊ म्हणतात आणि गंमत म्हणजे त्या रंगालाही झंबाराऊच म्हणतात, आपण जांभळा म्हणतो तसंच. बाजारात एका बाईंच्या टोपलीकडे बोट दाखवून मी नाव विचारलं आणि हे कळल्यावर येड्यासारखी हसत सुटले, त्या बाईंना काही कळेना.

तर काका, हे 'अरबांनी वसवलेलं' शहर वाटतं का तुम्हाला? तिथले लोक स्वतः सांगतात ती गोष्ट तर अशी की शहराची पहिली सत्ता एका राणीची, म्वाना म्किसी तिचं नाव, आणि नंतर शेहे म्विता आला. म्हणून शहराचं जुनं नाव म्विता. दंतकथाच आहे, मान्य. पण दंतकथेतसुद्धा सुरुवात स्थानिक बाईपासून होते, बोटीतून उतरलेल्या अरबापासून नाही.

तुम्ही म्हणाल 'स्वाहिली' हा शब्दच अरबी, किनारा या अर्थाचा. आहेच की. पण दुकान, जमीन, सरकार, हजर हे सगळे शब्द फारसीतून आले म्हणून आपण फारसी बोलतो का? स्वाहिलीचं व्याकरण सगळं बांटू आहे, म्हणजे आफ्रिकेतल्याच एका मोठ्या भाषाकुळाचं. मूल म्हणजे म्तोतो आणि मुलं म्हणजे वातोतो, म्हणजे अनेकवचन शब्दाच्या शेवटी नाही तर सुरुवातीला बदलतं. काही शब्दांना सुरुवातीला 'कि' असतो, त्याचं अनेकवचनात 'वि' होतं. आता अरबीतून किताब आला, त्याचा किताबू झाला, आणि यांनी त्यातला 'कि' आपलाच समजून अनेकवचन केलं विताबू! अरबीत बिचारं कुतुब होतं. आपण टेबलचं टेबलं आणि बाटलीचं बाटल्या करतो ना, तसलाच खाक्या.

आणि रक्ताचंच म्हणायचं तर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला, किनाऱ्यावरच्या जुन्या शहरांतल्या ८० माणसांच्या अवशेषांतला डीएनए तपासून, त्यात मोंबासाच्या अगदी शेजारचं म्त्वापापण आहे. निघालं असं की साधारण इ. स. १००० च्या सुमारास आफ्रिकन बायका आणि आशियातून आलेले पुरुष, तेही मुख्यतः इराणकडचे, यांचा संकर झालाय. अरब अंश बराचसा नंतरचा. म्हणजे बाहेरून माणसं आली हे खरंच आहे, पण येऊन कुणाच्या घरात राहिली? कुणाची भाषा बोलायला लागली? ज्यांच्या घरात राहिली ते लोक आधीपासून होतेच ना तिथे.

पोर्तुगीजांनी 'बांधलं' यावर मला जास्त राग आला. १५०५ मध्ये अल्मेडाने शहर लुटून जाळलं, १५२८ मध्ये नुनो द कुन्हाने परत तेच केलं, १५८९ मध्ये पुन्हा. दर वेळी शहर पुन्हा उभं राहिलं, आणि ते पोर्तुगीजांनी नाही उभं केलं. फोर्ट जीझस किल्ला त्यांचा, १५९३ पासून पुढे बांधलेला, आराखडा काइराती नावाच्या इटालियनाचा, जो गोव्यात पोर्तुगीजांचा मुख्य स्थपती होता. म्हणजे आल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी यांनी एक किल्ला बांधला, आणि शहर 'बांधलं' त्यांनी?

बरं, त्या किल्ल्याचंही ऐका. १६९६ च्या मार्चमध्ये ओमानच्या लोकांनी वेढा घातला, तो चालला १६९८ च्या डिसेंबरपर्यंत, ३३ महिने. आत रोगराई पसरली आणि १६९७ मध्ये अशी वेळ आली की किल्ला लढवणारे पोर्तुगीज जवळपास उरलेच नाहीत. मग किल्ला धरून ठेवला कुणी? उत्तरेकडच्या फाझा या स्वाहिली गावच्या शेख दाऊदने, त्याच्या मूठभर नातेवाइकांनी, काही आफ्रिकन पुरुषांनी आणि ५० च्या आसपास आफ्रिकन बायकांनी. बायका तटावर पहारा देतायत! त्यातल्या एकीचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. तुम्ही विचारता स्थानिकांनी केलं काय, तर हे केलं. शेवटी किल्ला पडला, आणि नंतर काही दिवसांनी गोव्याहून मदतीचं आरमार आलं, बुरुजावर ओमानींचा लाल झेंडा बघितला आणि आल्या पावली परत गेलं.

आता आपलं ते वसईचं जहाज. 'सांतो अंतोनियो दे तान्ना', १६८१ मध्ये वसईत बांधलेलं, नावातलं तान्ना म्हणजे ठाणं. याच वेढ्यात रसद घेऊन गोव्याहून आलं आणि १६९७ च्या ऑक्टोबरमध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी बुडालं. १९७७ ते १९८० पाणबुड्यांनी त्याचं उत्खनन केलं, वस्तू किल्ल्यातल्याच संग्रहालयात मांडल्यात. तुम्हाला त्यात मराठी अभिमान दिसला, पण काका, अभिमान कसला बाळगायचा त्यात? सागवान आपल्याकडचं आणि सुतारही बरेचसे आपल्याच किनाऱ्यावरचे असणार, ते काही सगळे लिस्बनहून आले नव्हते, पण जहाज चाललं होतं दुसऱ्याच्या बेटावर घुसून बसलेल्यांना वाचवायला. मी ते लांबवलं कारण काचेसमोर उभी असताना माझ्या शेजारी वसईची एक मैत्रीण होती आणि ती एकदम गप्प झाली, दहा मिनिटं हललीच नाही. माझ्या लेखात ते नीट उतरलं नसेल, पाच परिच्छेद जास्त झाले हे मान्य, तीनमध्ये झालं असतं.

गुलामांच्या व्यापाराबद्दल मात्र तुम्ही कान पकडलात ते योग्यच. मी खरंच टाळलं. ओमानी सत्तेच्या काळात या किनाऱ्यावरून माणसं विकली जात होती, आणि टाळण्याचं खरं कारण हे की त्या व्यापाराला लागणारं भांडवल आपल्याकडच्या पेढ्यांकडून यायचं. त्याच ओमानी घराण्यातल्या झांझिबारच्या सुलतानाची जकात वसूल करायचा मक्ताच कच्छच्या भाटियांच्या जयराम शिवजी पेढीकडे होता, वर्षानुवर्षं. 'भारतीयांनी शहर वाढवलं' म्हणताना हेही खात्यावर मांडायला लागेल, काका.

आणि इथेच अशी एक गोष्ट आहे जी मी मूळ लेखात घालायला हवी होती, मूर्खासारखी विसरले, आणि मी नाशिकची! शरणपूर रोडवरून शाळा-कॉलेज केलं, ते शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेलं गाव. समुद्रावर पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईत उतरवायचे आणि त्यातली बरीच या शरणपूरला धाडायचे, तिथे लिहायवाचायला आणि लोहारकी-सुतारकी शिकवायचे. आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या लिव्हिंगस्टनचं शव इंग्लंडला नेणारा जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. पुढे १८७३ मध्ये बार्टल फ्रिअर, आपल्या मुंबईचा माजी गव्हर्नर, झांझिबारला जाऊन सुलतानाशी गुलामबंदीच्या तहाची बोलणी करून आला, आणि शरणपूर चालवणारे प्राइस नावाचे पाद्री मोंबासाला गेले. बेटासमोरच्या किनाऱ्यावर १८७५ मध्ये सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली, नाव फ्रिअरटाऊन. ती चालवायला कोण? नाशिकला शिकलेली ही माणसं. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे. शिक्षक, सुतार, धर्मोपदेशक, दुभाषे, सगळं तेच. तिथे अजून एक घंटा आहे, गुलाम पकडणारे आले तर वाजवायची म्हणून लावलेली असं सांगतात. स्वाहिलीत घंटा म्हणजे केंगेले, म्हणून त्या चौकाचं नाव केंगेलेनी. आता तिथे मताटू गाड्या थांबतात, कंडक्टर 'केंगेलेनी केंगेलेनी' ओरडत असतो आणि घंटेकडे कुणी ढुंकून बघत नाही. मीही बघितलं नसतं, रिक्षावाल्याने थांबवून दाखवली म्हणून.

ते लोक स्थानिक की बाहेरचे, सांगा बरं? जन्म आफ्रिकेत कुठेतरी आत, वाढले गोदाकाठी, आणि वसले मोंबासाला.

रेल्वेचं राहिलं. एका ओळीत उरकलं हे खरंय आणि कारण आळस, दुसरं काही नाही. १८९६ मध्ये मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचले. हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले, त्यातले २,४९८ मेले. लांबी साधारण ५८० मैल धरली तर मैलामागे चारहून जास्त माणसं. लोक या रेल्वेच्या वाटेवरच्या त्सावोच्या नरभक्षक सिंहांबद्दलच बोलतात, पण सिंहांनी नेले ते त्यातले थोडेसे, बाकीचे आजारांनी आणि कामावरच्या अपघातांनी गेले. काम संपल्यावर साधारण पावणेसात हजार तिथेच राहिले. पण एक सांगते, दुकानं टाकणारे आपले लोक म्हणजे हेच मजूर असा समज तुमच्याही प्रतिक्रियेत दिसतो, तो बरोबर नाही. कच्छी, बोहरी, खोजा व्यापारी रेल्वेच्या कितीतरी आधीपासून वाऱ्याबरोबर ये-जा करत होते, डिसेंबरात कास्काझी वारा सुरू झाला की तिकडे, एप्रिलनंतर कुसी वारा आला की परत. रेल्वेवर स्वतंत्र लेख लिहीन, या महिन्यात नाही जमणार, मुलीची परीक्षा आहे.

आणि हो, माझं 'स्वाहिली शहर' चालूच राहणार, त्याबद्दल काही म्हणणं असेल तर पुन्हा लिहा, मी परत भांडायला तयार आहे. खाली दोघीतिघींनी म्बाझीची रेसिपी विचारलीये. तुरीचे ओले दाणे नारळाच्या दुधात शिजवायचे, सोबत वेलची घातलेल्या महामरी तळायच्या, नाश्त्याला. फोटो उद्या टाकते, आज तूर भिजत घातलीये, ओली मिळाली नाही.