काच पुसताय कसली, एसी लावा!

आज सकाळी पवईला एक बाइकवाला माझ्या डोळ्यांदेखत चाकाखाली जाता जाता वाचला. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

नेहमीप्रमाणे मुलुंडहून निघाले, गांधीनगरला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागले. पाऊस धो धो. शेजारच्या लेनमध्ये एक गाडी, आत चार माणसं, चारही काचा बंद आणि सगळ्या वाफेने दुधासारख्या पांढऱ्याफटक. ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात पिवळं फडकं. समोरच्या काचेवर ताटलीएवढं भोक पुसून काढलेलं आणि त्यातून मान वाकडी करून साहेब रस्ता बघतायत. पुसता पुसता गाडी सरकली डावीकडे. तिथे रेनकोटातला बाइकवाला. त्याने कचकन ब्रेक मारला, बाइक आडवी झाली, नशिबाने मागून बस येत नव्हती. आणि गाडीवाला? त्याला कळलंसुद्धा नाही. कळणार कसं, डावीकडची काच पांढरी होती ना!

यावर कोणालाही काही बोला, उत्तर एकच. "पावसात होतंच हो." काय होतंच? जून ते सप्टेंबर, दरवर्षी चार महिने, लाखो माणसं या शहरात आंधळ्या काचेमागे बसून गाडी हाकतात आणि ते 'होतंच'?

अहो, डॅशबोर्डवर ते गोल बाणाचं बटण आहे ना, गाडीतलीच हवा गाडीत फिरवणारं, ते आधी बंद करा. ट्रकचा धूर नको, नाल्याचा वास नको म्हणून एकदा दाबलेलं ते बटण दिवाळीपर्यंत तसंच असतं. आत चार माणसांचा श्वास, पायाशी निथळणारी छत्री, ओले बूट, खाली पाणी प्यायलेलं मॅट. ही सगळी वाफ जाणार कुठे? बाहेरच्या पावसाने गार झालेली काच तिला जवळ दिसते, तिथे जाऊन ती बसते. त्यावर फडकं मारलं की दोन मिनिटांत पुन्हा जैसे थे. वर फडक्याचं तेलकट काचेला लागतं, आणि रात्री समोरून हेडलाइट आला की सगळी काच फरकाटे मारल्यासारखी चमकते. मग तर काहीच दिसत नाही.

आणि इंधन वाचवायला पावसात एसी बंद ठेवणारे! उभ्या गाडीखाली एसीचं पाणी टपटपताना बघितलंय ना? ते पाणी आतल्या हवेतूनच काढलेलं असतं. एसी हवा कोरडी करतो, त्याचं पावसातलं खरं काम तेच आहे. एसी चालू, बाहेरची हवा आत, झोत समोरच्या काचेवर. गारठा वाजला तर नॉब थोडा लाल बाजूला फिरवा. मुंबईत त्या लाल बाजूला जन्मात कोणी हात लावत नाही, पण काच थोडी उबदार आणि हवा कोरडी झाली की वाफ बघता बघता जाते.

रात्रीचा प्रकार वेगळाच. पाऊस थांबलेला, एसी फुल्ल, झोत काचेवर, आणि काचेवर बाहेरून वाफ धरते. जुलैत आपल्याकडे हवेत इतकी वाफ असते की काच २४-२५ अंशांखाली गेली की तिच्यावर दव साचलंच. गार पाण्याच्या बाटलीला घाम सुटतो तसं. तेव्हाही लोक आतूनच पुसत बसतात! अरे, बोट फिरवून बघा, ओल कुठल्या बाजूला आहे. बाहेर असेल तर वायपर एकदा मारा, झोत काचेवरून काढा आणि गारवा कमी करा. संपलं.

माझा भाचा टोरांटोला असतो. हिवाळ्यात सकाळी गाडी काढायच्या आधी तो खरवडणीने काचेवरचा बर्फ काढतो, सगळ्या काचा मोकळ्या झाल्याशिवाय गाडी हलवत नाही. आणि इथे आपण नुसती वाफ, जी बटणाने जाते, ती घेऊन लिंक रोडला येतो.

पण सगळा राग ड्रायव्हरवर काढून चालणार नाही. मागच्या काचेवर त्या बारीक तारा असतात, डिफॉगर म्हणतात त्याला, बटण दाबलं की काच तापते आणि पाच-दहा मिनिटांत स्वच्छ होते. माझ्या गाडीला त्या नाहीत. का, तर म्हणे खालचं मॉडेल. गाणी ऐकायला स्क्रीन दिला, मागचं दिसण्याची सोय मात्र वरच्या मॉडेलला. २०१९ च्या जुलैपासून रिव्हर्स सेन्सर सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, मग मागच्या डिफॉगरची सक्ती करायला काय अडचण आहे? पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आलाच पाहिजे, असा नियम आहे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, त्यासाठी गाड्या अडवून दंड करतात. बरोबरच आहे. पण आज सकाळी त्या गाडीच्या काचेतून किती उजेड जात होता, ते कोण मोजणार?

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा काच फार धरते म्हणून सांगितलं. त्या मुलाने एक स्प्रेची बाटली पुढे केली आणि बिलात लावली. एसीचा फिल्टर काढून बघितला नाही. मी घरी ग्लोव्ह बॉक्स उघडून स्वतः काढला, तर बुरशीने काळा, पाण्याने जड, त्यात पिंपळाचं आख्खं पान अडकलेलं. हवा येणार कुठून? नवा बसवला आणि काच त्याच दिवसापासून मोकळी. हे सांगायला त्याला दोन वाक्यं लागली असती.

तो बाइकवाला उठला, आरसा तुटला होता. त्याने रेनकोटाची टोपी मागे केली आणि गाडी गेली त्या दिशेने नुसता बघत राहिला. नंबर मलाही टिपता आला नाही, मागची काच आणि प्लेट दोन्ही चिखलाने भरली होती.