सिलिकॉन चिपवरचा प्रकाश रक्त वाचत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: प्रकाशावर चालणारी सिलिकॉनची चिप आली आहे, तिच्यावर रक्ताचा एक थेंब टाकला की प्रकाश त्यातला प्रत्येक रेणू ओळखतो, अगदी एकच असला तरी, रसायन लागत नाही, चिप कवडीमोलात बनते, म्हणून लॅब आता बंद पडणार. ही चिप खरी आहे. मी तिच्यावर काम केलंय, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

‘प्रकाश रेणू ओळखतो.’ नाही ओळखत. चिपवर सिलिकॉनची एक बारीक वाट असते, साधारण २२० नॅनोमीटर उंच आणि अर्धा मायक्रॉन रुंद. तिला वेव्हगाइड म्हणतात. तिच्यातून बहुधा १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश धावतो. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचं माप) जवळपास ३.५, पाण्याचा १.३२, त्यामुळे प्रकाश बराचसा आतच कोंडलेला राहतो आणि त्याची फक्त झालर बाहेर शंभर-दोनशे नॅनोमीटर पसरते. त्या झालरीत काही चिकटलं की तिथला अपवर्तनांक किंचित वाढतो. वेव्हगाइडचं गोल कडं केलेलं असेल, तर ते ज्या तरंगलांबीचा प्रकाश धरून ठेवतं ती तरंगलांबी थोडी सरकते. चिप मोजते ते हे सरकणं, बाकी काही नाही. चिकटलेला रेणू हृदयाच्या स्नायूतून आलेला ट्रोपोनिन आहे की रक्तात मुबलक असणारं साधं अल्ब्युमिन, हे प्रकाशाला कळायची सोयच नाही. आणि झालरीपलीकडचा थेंब त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

ओळख पटवते ती अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन), आधीच कड्यावर बसवलेली. तेव्हा ‘रसायन लागत नाही’ हेही इथेच निकालात निघतं. चिप स्वच्छ करायची, सिलेनचा, म्हणजे अँटिबॉडीला धरून ठेवणाऱ्या रसायनाचा, थर द्यायचा, त्यावर अँटिबॉडी जोडायची, उरलेल्या मोकळ्या जागा दुसऱ्या प्रथिनाने झाकायच्या. यातली एक पायरी कच्ची राहिली तर पुढचं सगळं मापन वाया. गैरसमज ‘लेबल-फ्री’ या शब्दामुळे झाला असावा. त्याचा अर्थ एवढाच की शोधायच्या रेणूला चमकणारा रंग किंवा एन्झाइम जोडावं लागत नाही. तेही नवं नाही. सरफेस प्लाझ्मॉनवर, म्हणजे धातूच्या पातळ थरावर उठणाऱ्या लहरींवर, चालणारी अशी यंत्रं १९९० पासून बाजारात आहेत.

खरी लढाई रक्ताशी आहे, आणि मजकुरात तिचा उल्लेखच नाही. एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन ३५ ते ५० ग्रॅम असतं. ट्रोपोनिन-टीच्या अतिसंवेदनशील चाचणीत धोक्याची रेषा लिटरला १४ नॅनोग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे वजनाने सुमारे तीनशे कोटी पटींचा फरक! त्या अल्ब्युमिनचा नगण्य अंश जरी कड्याला चिकटला तरी ट्रोपोनिनची खूण त्यात बुडून जाते. बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या स्वच्छ द्रावणात, आलेला देखणा आलेख दाखवून रक्ताबद्दल दावा करणं मला मुळीच मान्य नाही. म्हणूनच शेजारी असंबद्ध अँटिबॉडी लावलेलं संदर्भ-कडं ठेवतात आणि त्याचं सरकणं वजा करतात. कधी वरून दुसरी अँटिबॉडी सोडून खूण वाढवतात. मग लेबल-फ्रीपणा थोडा सुटतो, पण त्यात कमीपणा काहीच नाही.

संदर्भ-कडं तापमानासाठीही लागतं. एका अंशाच्या बदलाने कडं पन्नास ते ऐंशी पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकतं. आपल्याला हवी असलेली खूण कित्येकदा दोन-चार पिकोमीटरचीच असते. द्रवात शिरलेल्या बुडबुड्याचा त्रास तर ज्याने भोगला त्यालाच ठाऊक. सरकण्याच्या आलेखाची सपाट चाललेली रेघ एकाएकी पडद्याबाहेर उडते, आणि तासभर जपलेली चिप पुन्हा पहिल्यापासून धुवायला घ्यावी लागते.

‘एकच रेणू सापडतो.’ २००८ मध्ये इन्फ्लुएन्झाचा एकटा विषाणू अशाच तरंगलांबीच्या सरकण्यावरून टिपला गेला, हे खरं. पण तो काचेच्या सूक्ष्म गोलावर, सिलिकॉनच्या कड्यावर नाही. शिवाय विषाणू शंभर नॅनोमीटरचा, प्रथिन जेमतेम काही नॅनोमीटरचं. हिशेबच करू. एक अॅटोमोलर म्हणजे लिटरमध्ये सुमारे सहा लाख रेणू. पन्नास मायक्रोलिटरच्या थेंबात उरले तीस. हे तीस जण काही मायक्रॉनच्या कड्यापर्यंत पोचणार कसे? अँटिबॉडीएवढ्या रेणूला स्थिर पाण्यात निव्वळ विसरणाने, म्हणजे आपोआप भरकटत, एक मिलिमीटर जायला तीन तासांहून जास्त लागतात. द्रव अरुंद नळीतून वाहता ठेवायचा तो यासाठीच.

किमतीचं थोडक्यात: चिप स्वस्त पडू शकते, पण सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही. लेझर बाहेरून आणायचा, मायक्रॉनच्या अचूकतेने जुळवायचा. वर पंप, नळ्या, तापमान-नियंत्रण. खर्च तिथे आहे.

लॅब बंद पाडणं हे या चिपचं काम नाही. एका चिपवर डझनावारी कडी, प्रत्येकावर वेगळी अँटिबॉडी, आणि रेणू चिकटताना-सुटताना जागच्या जागी दिसणं, हे तिचं बळ. नमुना गेल्यावर बफर सोडतात तेव्हा मी डोळे रेघेवर लावून बसते. वरवर चिकटलेलं काही सेकंदांत निघून जातं आणि रेघ झपकन खाली येते. अँटिबॉडीने पक्कं धरलेलं असेल तर ती तिथेच टिकते, नाहीतर सावकाश उतरते. त्या उताराच्या वेगावरून पकड किती घट्ट होती ते काढता येतं.