उसनं पाणी म्हणे!

नमस्कार,

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली; निदान तसा प्रयत्न केला. म्हणणं थोडक्यात असं, की वाशिष्ठी उन्हाळ्यात वाहते ती कोयना धरणाच्या ‘उसन्या पाण्यावर’, तेव्हा तिला बारमाही म्हणणं म्हणजे ‘पुण्यात बसून केलेलं भाबडं कौतुक’. शिवाय गाळ, २०२१ चा पूर आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी मी सोयीस्कर टाळलं.

लोट्याचा उल्लेख यायला हवा होता, मान्य.

पण ‘भाबडं’ कशासाठी? पोफळीच्या वीज केंद्रात वीज करून सुटलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं, हे चिपळुणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही मात्र गुपित फोडल्याच्या थाटात सांगता. जे पाणी एरवी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरून दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिले. हातउसनं नव्हे हो, रीतसर आहे!

आणि साठच्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली, त्याआधी ही नदी नव्हतीच का? गोवळकोटच्या बंदरात तेव्हाही गलबतं येत होतीच, भरतीच्या पाण्यावर. समुद्र दिवसातून दोनदा खाडीतून आत चढतो, त्याला वीज केंद्राचं वेळापत्रक लागत नाही. माझे आजोबा याच खाडीत होडी हाकायचे. उन्हाळ्यात वरच्या अंगाला नुसते कोंड, म्हणजे डोह, उरायचे, असं तेच सांगत. पण म्हणून तिला भिकारी म्हणायची त्यांची कधी जीभ धजावली नाही. तुमची धजावते, कारण पडद्याआडून लिहिणं सोपं असतं.

मी पुण्यात नोकरी करतो, म्हणून नदीवरचा हक्क गेला? कोकणातली घरंच्या घरं पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली. त्या सगळ्यांना गप्प बसवणार आहात?

राहिला पूर. २२ जुलै २०२१ ला आमच्याही घरात पाणी होतं, तेव्हा त्यावर मला प्रवचन नको. धरणाचं पाणी किती, पावसाचं किती, भरतीचं किती आणि गाळाने पात्र किती उथळ झालं, हा वाद मोठा आहे आणि माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता.

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. ‘एक चिपळूणकर’ अशी सही मीही करू शकतो.