भावोजी, ती तुरटी खाली ठेवा

चिपळूणहून भाचीचा फोन आला तो सकाळी पावणेसातला. "मामा, टाकीत दूध सांडल्यासारखं झालंय आणि बाबा तुरटी फिरवतायत!" टाकी दोन फुटी, बसवून चौथा दिवस, आत आठ गोल्डफिश. भावोजींच्या एका हातात तुरटी, दुसऱ्यात मोबाइल, आणि मोबाइलवर तो फॅमिली ग्रुपचा 'काचेसारखं पाणी' वाला मेसेज. हाच मेसेज मला महिन्याभरात तिसऱ्यांदा आलाय. आता एकदाचं उत्तर लिहून टाकतो.

मेसेज म्हणतो: पांढरं पाणी म्हणजे सडलेलं पाणी, सगळं ओतून द्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुवा. तुरटी सात वेळा फिरवा. मूठभर जाडं मीठ टाका. रात्री फिल्टर बंद ठेवा, गाळ खाली बसतो आणि मासे झोपतात. दोन दिवस खाणं देऊ नका.

तुरटीपासूनच सुरू करतो, कारण तीच सगळ्यांना पटते. पावसाळ्यात आजी हंड्यात तुरटी फिरवायची, सकाळी वरचं पाणी नितळ. खरं आहे. पण त्या हंड्यात मासा नव्हता, आणि आजी तळाचा गाळ ठेवून वरचंच पाणी काढून घ्यायची. टाकीत तुरटीतलं ॲल्युमिनियम तिथेच राहतं आणि मासा तेच पाणी चोवीस तास कल्ल्यांतून ओढतो. शिवाय तुरटी विरघळली की पाण्यातले कार्बोनेट क्षार खाते आणि पाणी आम्लाकडे झुकतं. कोकणातलं जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, त्यात क्षार आधीच बेताचे. अशा आम्ल पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं, कल्ले चिकट स्रावाने भरतात आणि मासा भर पाण्यात गुदमरतो. जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटी वापरतात, पण रोजच्या पाण्याची चाचणी घेऊन, मोजून, आणि नंतर पाणी निवळून, गाळून. 'सात वेळा फिरवा' हे काय माप झालं? केवढा खडा, किती लिटरला? दृष्ट काढताय का?

मुळात ते पांढरं काय आहे? नव्या टाकीत दुसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा दुधाळपणा बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा यांवर जगणारे हे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यात तरंगतात. खायला कमी पडलं की आपोआप ओसरतात. खडी नीट न धुता टाकली तरी पाणी गढूळ होतं, पण ते पहिल्याच तासात. शंका असेल तर काचेच्या पेल्यात पाणी काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी साका दिसला तर धूळ, पेला तसाच धुरकट तर जिवाणू.

आता या धुरकटपणाने मासे मरतात का? सहसा नाही. मरतात अमोनियाने, आणि तो दिसत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे. ते स्पंजवर, खडीवर थर धरून राहतात आणि फार सावकाश वाढतात. अमेरिकेत टिमथी हॉव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासून दाखवलं की नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात, आणि नव्या टाकीत ते दिसू लागतात तेव्हाच नायट्राइट उतरू लागतं. ही वस्ती नीट बसायला चार-सहा आठवडे लागतात. आणि मेसेज सांगतो, तिला क्लोरीनच्या नळाखाली पिळा! स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबा, बस्स. सगळं पाणी बदलण्याचंही तेच: दोन दिवस नितळ दिसतं, मग पुन्हा दूध.

रात्री फिल्टर बंद? तरंगते जिवाणू आधीच प्राणवायू ओढत असतात, त्यात पाण्याची हालचाल थांबवायची. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसतील, त्याला झोप म्हणत नाहीत. आणि वीज वाचवायची असेल तर, ८ वॉटचा फिल्टर अखंड चालला तरी महिन्याला सहा युनिटही होत नाहीत.

मिठाने धुरकटपणा जात नाही. हां, नायट्राइट वाढलेलं असताना थोडं, मोजून टाकलेलं मीठ माशांना वाचवतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण हे मेसेजवाल्याला ठाऊक असेल असं वाटत नाही.

खाणं बंद करा, हे मात्र बरोबर. एवढंच बरोबर. निरोगी गोल्डफिशला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

भावोजींना तुरटी खाली ठेवायला लावली तोवर पाच फेऱ्या झाल्या होत्या. लगेच तिसरा हिस्सा पाणी बदलायला लावलं, तेही बादलीत भरून टाकीच्या पाण्याइतकं कोमट करून. आठातले पाच मासे शेजाऱ्यांच्या जुन्या, मोठ्या टाकीत पाठवले, कारण छप्पन्न लिटरात पहिल्याच आठवड्यात आठ गोल्डफिश ही खरी चूक होती. मग दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदल, चिमूटभर खाणं आणि फिल्टर चोवीस तास. नवव्या दिवशी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येऊ लागलं.

भावोजींचं म्हणणं, तुरटीनेच झालं, फक्त उशिरा.