शिरदोणचा वास आणि १२४ प्रकाशवर्षे

गोव्यातील शिरदोणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले, तर एकाच वाऱ्यातून तीन निरनिराळे वास येतात. उघड्या पडलेल्या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. होडीच्या तळाशी राहिलेल्या मासळीचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा असतो. वारा मोकळ्या पाण्यावरून आला की या दोहोंच्या मागून जो हलका, किंचित गोडसर वास येतो आणि ज्याला आपण सरसकट ‘दर्याचा वास’ म्हणतो, त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीप्लवक आपल्या पेशींत एक गंधकयुक्त संयुग साठवून ठेवतात आणि त्याचे विघटन होताना हा वायू बाहेर पडतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी झुआरीच्या खाडीत या वायूची मोजमापेही केलेली आहेत.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, एप्रिल २०२५ मध्ये हाच वायू अचानक जगभरच्या बातम्यांत आला. केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड, किंवा त्याचे भावंड असलेले डायमिथाइल डायसल्फाइड, असण्याची शक्यता जाहीर केली. त्या सकाळी आमच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ हा एकच मजकूर फिरत होता. त्यातील दोन ठिकाणी शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे असल्याचा उल्लेख ग्रहाच्या नावाच्याही आधी होता. मधुसूदन यांचे शिक्षण वाराणसीला झालेले आहे आणि त्याचा आनंद मलाही झाला. पण ‘शक्यता’ हा शब्द फिरता फिरता कुठे गळून पडला, ते कुणालाच सांगता आले नसते.

या गळतीला मीही हातभार लावला, ही कबुली आधीच देतो. त्याच महिन्याच्या अखेरीस फोंडा तालुक्यातील एका शाळेत मला खगोलशास्त्रावर बोलायला बोलावले होते. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरील सार्वजनिक वेधशाळेतून शनीची कडी पाहिली, तेव्हापासून हा विषय मला चिकटला आहे आणि बोलावणे आले की मी नाही म्हणत नाही. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘हा वायू फक्त सजीवच बनवतात.’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. घरी आल्यावर अधिक वाचले, तेव्हा कळले की माझे वाक्य चुकीचे होते. रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूपाशी गोळा केलेल्या माहितीच्या विश्लेषणात हाच वायू आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले होते, आणि त्या गोठलेल्या धूमकेतूवर प्लवक नाहीत. त्याच वर्षी प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड अशा साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून कोणत्याही सजीवाशिवाय तो तयार करून दाखवण्यात आला होता.

के२-१८बी हा ग्रह २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडला. तो पृथ्वीच्या सुमारे २.६ पट रुंद आणि साडेआठ पटींहून अधिक वस्तुमानाचा असून आपल्या तांबड्या खुज्या ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचे छायाचित्र कुणी काढलेले नाही. तो ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश जेमतेम ०.३ टक्क्याने उणावतो. या अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो आणि तेथील रेणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. प्रकाशातील ही शोषणाची तूट त्या मूळच्या उणाईच्याही लहानशा अंशाएवढी असते आणि जेम्स वेब दुर्बीण तीच मोजते. २०२३ मध्ये या दुर्बिणीला तेथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. त्यांपैकी मिथेनबद्दल फारसा वाद नाही. २०२५ चा दावा मात्र मध्यम अवरक्त पट्ट्यातील एकाच अधिक्रमणाच्या निरीक्षणावर उभा होता.

येथे मला पुन्हा शिरदोणचा किनारा आठवतो. तेथे माझ्या नाकाला तीन वास वेगळे करता येतात, कारण चिखल, होडी आणि पाणी ही तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर असतात. डोळे मिटून उभे राहिलो, तर कोणता वास कशाचा हे मी पैजेवर सांगू शकणार नाही. दुर्बिणीची अवस्था त्याहून बिकट आहे. तिला डायमिथाइल सल्फाइड आणि डायसल्फाइड यांतील फरकही त्या निरीक्षणात सांगता आला नाही, आणि हे मूळ संशोधकांनीच लिहून ठेवले आहे. नंतर दुसऱ्या एका गटाने त्या निरीक्षणातून मिळालेला प्रकाशाचा आलेख नव्वद निरनिराळ्या रेणूंशी ताडून पाहिला, तेव्हा प्रोपाइनसारखे साधे हायड्रोकार्बनही तेथे बसू शकतात असे दिसले. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी त्याहून मूलभूत प्रश्न विचारला. कोणताही रेणू गृहीत न धरता या आलेखात चढउतार आहेत तरी का, हे त्यांनी तपासले आणि सपाट रेषाही त्या माहितीला पुरेशी जुळते, असा निष्कर्ष काढला.

या दाव्याची बळकटी सांगताना संशोधकांनी ‘तीन सिग्मा’ हे संख्याशास्त्रातील माप वापरले होते, त्याचाही बातम्यांत असाच विपर्यास झाला. असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता ०.३ टक्के, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यावरून ‘९९.७ टक्के खात्रीने जीवसृष्टी’ हे गणित कुणी केले, देव जाणे. मुळात ती टक्केवारी आलेखातील संकेताविषयी होती, जिवाविषयी नव्हे. संकेतापासून वायूपर्यंत, वायूपासून महासागरापर्यंत आणि महासागरापासून प्लवकांपर्यंतची प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागणार आहे. या ग्रहावर हायड्रोजनच्या जाड थराखाली पाण्याचा समुद्र असेल, असे मधुसूदन मानतात. तेथे वितळलेल्या खडकाचा समुद्र असू शकेल किंवा पृष्ठभाग नावाची गोष्टच नसेल, असे मानणारेही तज्ज्ञ आहेत.

या सगळ्यावरून ‘म्हणजे प्रसिद्धीचा स्टंटच’ असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मधुसूदन यांनी स्वतःच आणखी निरीक्षणांची गरज सांगितली होती, आणि त्यांची माहिती सर्वांना खुली असल्यामुळेच इतरांना काही आठवड्यांत ती पुन्हा तपासता आली. माझा आक्षेप भाषेला आहे. मराठीत खूण, संकेत, लक्षण आणि पुरावा असे चार वेगळे शब्द असताना बातमी देणाऱ्याने थेट चौथा उचलावा, याला काय म्हणावे? आमच्या शेजारी नावशीला वाढलेले एक पागी, म्हणजे मच्छीमार, राहतात. त्यांना मी ही हकिकत सांगितली, तेव्हा जाळे उकलता उकलता ते एवढेच म्हणाले, “वास आयलो म्हूण नुस्तें मेळटाच अशें ना.” म्हणजे वास आला म्हणून मासळी मिळतेच असे नाही. आणि लगेच त्यांनी विचारले की वारा कुठून होता. हा प्रश्न मला त्या सकाळी वाचलेल्या कोणत्याही मथळ्यापेक्षा शास्त्रीय वाटला.

वाऱ्याचा प्रश्न विचारणारा एक माणूस विज्ञानाच्या इतिहासातही होता. ग्रहाचे वातावरण तपासले तर तेथे जीव आहे की नाही याचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ मध्ये मंगळाच्या संदर्भात मांडली. सजीव वातावरणाला रासायनिक समतोलात राहू देत नाहीत, हे त्यांचे सूत्र होते. पुढे १९७१-७२ मध्ये याच लव्हलॉक यांनी ‘शॅकल्टन’ जहाजावरून ब्रिटनपासून अंटार्क्टिकापर्यंत प्रवास करताना समुद्रातील डायमिथाइल सल्फाइड मोजले आणि गंधक समुद्रातून जमिनीकडे नेणारा वाहक हाच असावा, असे सुचवले. मंगळाचा विचार करणारा माणूस आपल्या समुद्राच्या वासाकडे वळला, याचे मला विशेष वाटते. आज तोच वायू शोधताना आपण उलट दिशेने निघालो आहोत, आणि आपल्या समुद्रावर तो हवेत अब्जात एक भागाहूनही कमी असतो, तर के२-१८बीवर त्याच्या हजारो पट असावा लागेल, असे मूळ शोधनिबंधच सांगतो. एवढा वायू कोणते प्लवक तयार करतील, हा प्रश्न एकही मथळा विचारत नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन करून मी झालेली चूक सांगितली. त्यांनी हसत येत्या शनिवारी अर्धा तास दिला आहे. मक्याची कणसे उकडली की डायमिथाइल सल्फाइडचाच वास सुटतो, म्हणून चार कणसे उकडून, झाकण घट्ट लावलेल्या टोपातून वर्गात न्यायची आहेत. झाकण किंचित सरकवून आधी मुलांना वास द्यायचा, आत काय असेल ते वहीत लिहायला सांगायचे, आणि त्यांचे सगळ्यांचे लिहून झाल्यावरच टोप उघडायचा, असे ठरवले आहे. त्याआधी फळ्यावरचे ते जुने वाक्य पुन्हा लिहून त्यावर काट मारायची आहे.