कादंबरीतल्या ‘त्या’ पानाबद्दल खुलासा

‘कादंबरीतली नायिका म्हणजे आपल्याच गावची अमुक बाई, तिचंच प्रकरण छापलं,’ असा मेसेज एका पानाच्या फोटोसह तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. हे खोटं आहे. कादंबरी माझी आहे, म्हणून सांगते.

फोटोत पानाचा वरचा अर्धा भाग कापलाय. नायिका आणि तिच्यासोबतचा पुरुष नवरा-बायको आहेत, हे तिथंच लिहिलंय. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा, झालेली; पऱ्हाटीतला पहिला वेचा. बोंडांच्या वाळल्या टोकांनी चिरलेल्या तिच्या बोटांना तो रात्री खोबरेल लावतो. शृंगार एवढाच, आणि मला तो तसाच हवा होता. दिवसभर राबलेल्या देहालाही मायेचा स्पर्श हवा असतो. त्यात घाण काय आहे?

पात्र मी कुणा एकीवरून उचलत नाही. कुणाची चाल, कुणाची बोलण्याची ढब, बाकी सगळं मनातलं. ज्या ताईंचं नाव गोवलंय, त्यांचा या पुस्तकाशी काडीचाही संबंध नाही. त्यांना घराबाहेर पडणं जड झालंय, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्ण पान सोबत जोडलंय. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.