काखेत स्टेशन, गावाला वळसा

'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर' असं वाचून मी हे घर घेतलं. जाहिरात खोटी नव्हती. गाडी कितव्या फलाटावर, किती मिनिटं उशिरा, ही हाक मला न्हाणीघरात दाढी करताना ऐकू येते. फक्त तिथवर पोचायला वीस मिनिटं लागतात.

मधे आमची वसाहत आहे ना! इथे सरळ रस्त्याला मज्जाव. घरातून निघालं की आधी स्टेशनकडे पाठ करायची, तीन वळणं घ्यायची, मग पुन्हा आपल्याच घराच्या मागच्या खिडकीसमोरून जायचं. (चष्मा विसरला असेल तर इथून मागता येतो, एवढी सोय आहे.) पहिल्या आठवड्यात मी शेजारच्या बंद गल्लीत शिरून भलत्याच दाराला किल्ली लावत होतो. आतून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढची गल्ली." रोजचंच असावं.

ही वळणं आली कुठून, म्हणून वाचायला बसलो. ओल्मस्टेड आणि वॉक्स या अमेरिकेतल्या उद्यानरचनाकारांच्या जोडीने 1868-69 मध्ये शिकागोबाहेर, रेल्वेमार्गालगत, रिव्हरसाइड नावाचं उपनगर आखलं. रस्ते मुद्दाम वळणदार ठेवले. सरळ रस्ता घाईचा, वळणातून निवांतपणा सूचित होतो. 7:52 च्या गाडीसाठी एका हातात बूट घेऊन धावताना मलाही तो फार सूचित होतो.

बंद गल्लीचं घराणंही थोर आहे. 1929 साली न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत वसवली, तेव्हा मुलं मोटारींखाली येऊ नयेत म्हणून घरं बंद गल्ल्यांभोवती मांडली. पण घरांच्या दुसऱ्या अंगाला बागा होत्या, पायवाटा होत्या, रस्त्याखालून जायला भुयार होतं. मोटारीला बंदी, माणसाला वाट. आमच्या आराखड्यात बंद गल्ली तेवढी उचलली आणि पायवाट गाळली. पायवाटेच्या जागेवर घर बसतं, आणि घर विकता येतं. कदाचित माझंच ते.

तरी वाट आहे. मागच्या भिंतीला एक भगदाड आहे, पलीकडे थेट स्टेशनचा जिना. वसाहतीची समिती दर सहा महिन्यांनी एकमताने ठराव करून ते बुजवते आणि आठवड्याभरात ते आपोआप उघडतं. परवा मी पोचलो तर ठराव मांडणारे सचिवच त्यात अर्धे अडकलेले. नजरानजर झाली.

"बघताय काय," ते म्हणाले, "डबा धरा जरा!"